जुनं घर पाडायचं? थांबा, आधी मोजा!

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं.

मे महिना आहे. दुपारचे दोन वाजलेत. एकाच आळीत दोन घरं शेजारी-शेजारी उभी आहेत. पहिलं घर पणजोबांनी बांधलेलं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं माळवद. दुसरं घर अलीकडचं. एका विटेच्या भिंती आणि वर लोखंडी पत्रा. पहिल्या घराच्या आतल्या खोलीत आजी पंखा न लावता निवांत झोपली आहे. दुसऱ्या घरात पंखा पाचवर गरगरतोय, तरी अभ्यासाला बसलेल्या दादाचा सदरा घामानं ओला झालाय. आता सांगा पाहू, या दोन घरांपैकी पाडायला कोणतं काढलंय?

बरोबर! पहिलं.

का? तर ते ‘जुनं’ आहे. माळवद गळतं, उंदीर होतात, दर वर्षी माती टाकावी लागते, पाहुणे आले की लाज वाटते. म्हणून ते पाडायचं आणि त्या जागी पत्र्याचं किंवा स्लॅबचं घर बांधायचं. बांधून झालं की पहिल्याच उन्हाळ्यात पंखा घ्यायचा, दुसऱ्या उन्हाळ्यात कूलर घ्यायचा आणि मग बिल आलं की कपाळाला हात लावायचा!

घर पाडूच नये असं आमचं म्हणणं नाही. पण डॉक्टर तपासल्याशिवाय ऑपरेशन करतात का? मग घरही आधी तपासायला नको का? जुन्या घरात थोडी डागडुजी करून ते उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार आणि कमी विजेत चालणारं करता येतं. आज आपण तेच पाहू. त्यासाठी लांब कुठं जायचं नाही. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ गाव गाठायचं.

पाबळच का?

पाबळचं नाव इतिहासात तुम्ही ऐकलं असेल. पहिल्या बाजीराव पेशव्यांची मस्तानी हिची कबर याच गावात आहे. तिचा मृत्यू 1740 साली झाला. म्हणजे जुन्या वास्तू पाबळला नव्या नाहीत.

पण पाबळची दुसरीही एक ओळख आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग नावाचे एक शास्त्रज्ञ होते. जन्म 1928 चा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती, म्हैसूरच्या अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काम केलं होतं, पुढं हिंदुस्थान लिव्हर या मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात ते मोठ्या पदावर होते. एवढं सगळं सोडून 1983 साली त्यांनी पाबळला येऊन ‘विज्ञान आश्रम’ सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र. पाबळ हा पर्जन्यछायेतला, पाण्याची टंचाई असलेला भाग. अशा गावात विज्ञानाचा उपयोग झाला तर तो इतर गावांतही होईल, असा त्यांचा साधा हिशेब होता.

आश्रमाची शिकवण्याची पद्धतही वेगळी. शाळेत नापास झालेली मुलंही इथं येतात आणि वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन असं सगळं स्वतःच्या हातानं करत शिकतात. हात काम करायला लागले की डोकं आपोआप प्रश्न विचारायला लागतं, यावर डॉक्टरांचा विश्वास होता. शाळांसाठी त्यांनी जो तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला, त्याचे चार भाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. डॉ. कलबाग 2003 साली वारले, पण आश्रमाचं काम चालू राहिलं.

आता आपणही त्यांच्याच रीतीनं जाऊ. आधी बघायचं, मग मोजायचं आणि मगच हात घालायचा.

ऊन घरात शिरतं कुठून?

उष्णता तीन वाटांनी प्रवास करते हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलंय. वहन, अभिसरण आणि प्रारण. परीक्षेत लिहून मार्कही मिळवलेत! आता तेच घरात शोधा.

तव्याचं टोक चुलीवर आणि चटका दांड्याला, हे वहन. उन्हानं तापलेल्या पत्र्याच्या वरच्या बाजूची उष्णता खालच्या बाजूला येते ती अशी. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, त्यामुळे तिला यायला वेळच लागत नाही.

गरम हवा हलकी होऊन वर जाते, थंड हवा खाली येते, हे अभिसरण. म्हणून घराच्या वरच्या भागात हवा बाहेर जायला वाट हवी. जुन्या माळवदात उजेडासाठी आणि धुरासाठी ठेवलेलं भोक आठवतंय? आपल्या पूर्वजांनी ‘अभिसरण’ हा शब्द ऐकला नसेल, पण भोक मात्र बरोबर जागी ठेवलं होतं.

आणि शेकोटीसमोर बसलं की तोंड भाजतं पण पाठ गारच राहते, हे प्रारण. पत्र्याच्या घरात दुपारी जो जीव नकोसा होतो, तो मुख्यतः यामुळे. भर उन्हात तापलेला पत्रा 60 अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकतो. मग तो वरून आपल्यावर उष्णता फेकत राहतो. म्हणून तर पंखा लावला तरी डोकं तापलेलंच राहतं. पंखा वरची गरम हवा खाली ढकलतो एवढंच!

याची परीक्षा सोपी आहे. दुपारी पत्र्याखाली उभे राहा आणि डोक्यावर हातभर अंतरावर एक जाड पुठ्ठा धरा. लगेच बरं वाटतं की नाही? हवेचं तापमान तर बदललं नाही! पुठ्ठ्यानं फक्त प्रारण अडवलं. हा पुठ्ठा लक्षात ठेवा, तो पुढं कामाला येणार आहे.

आता सूर्याचं बघू. पाबळ साधारण पावणेएकोणीस अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली जवळपास नाहीशी होते. जुलैमध्ये ढग असतात, पण मे महिन्यात हा प्रयोग जरूर करा. सूर्य डोक्यावर, म्हणजे सगळ्यात जास्त ऊन कोण खातं? छप्पर! त्यानंतर नंबर पश्चिमेच्या भिंतीचा, कारण आधीच तापलेल्या दुपारी तिच्यावर तिरपं ऊन पडतं. डिसेंबरात मात्र सूर्य दुपारीही दक्षिणेकडे कललेला असतो, साधारण 48 अंशांवर. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं आणि ते हवंहवंसं वाटतं.

म्हणजे डागडुजीचा क्रम ठरला. आधी छप्पर, मग पश्चिमेची भिंत, मग खिडक्या, आणि सगळ्यात शेवटी यंत्रं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी कूलर आणतो!

पत्र्याच्या घराला टोपी आणि बनियन

उन्हात जाताना आपण पांढरी टोपी घालतो, काळी नाही. घरालाही तोच नियम. पत्र्याला वरून पांढरा रंग दिला की बरंचसं ऊन आल्या पावली परत जातं. नवा पांढरा रंग पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी निम्म्याहून कितीतरी जास्त भाग परतवतो. बाजारात यासाठी खास रंग मिळतात. स्लॅब असेल तर साधा चुनाही चालतो. गाळलेला चुना, पाणी आणि चिकटायला थोडा डिंक. दोन हात मारायचे. पावसानं तो धुपतो, म्हणून होळी झाली की दर वर्षी पुन्हा द्यायचा. तेलंगण राज्यानं तर 2023 साली अशा गार छपरांसाठी धोरणच जाहीर केलं. एवढ्या साध्या चुन्याची केवढी ऐट!

ही झाली टोपी. आता बनियन.

आपला पुठ्ठा आठवा. पत्र्याच्या खाली चार-सहा इंच जागा सोडून बांबूच्या तट्ट्या किंवा प्लायचे तक्ते बसवले की तापलेल्या पत्र्याचं प्रारण आपल्यापर्यंत पोहोचत नाही. मधली हवा उष्णतेची वाहक म्हणून फारच आळशी आहे. मात्र ती तिथंच कोंडून ठेवू नका. दोन्ही टोकांना जाळी बसवून वाट ठेवा, म्हणजे तापलेली हवा वरून निसटेल आणि उंदीर-पालीही आत येणार नाहीत. जाता जाता आणखी एक फायदा. पावसाळ्यात पत्र्याचा ताशा वाजत नाही, अभ्यासाला शांतता मिळते!

काही ठिकाणी पत्र्यावर उसाचं पाचट किंवा बाजरीचं सरमाड टाकतात. गारवा मिळतो हे खरं, पण ते पेट घेणारं आहे. चुलीचं धुराडं किंवा विजेची तार जवळ असेल तर हा उपाय मुळीच नको. त्यापेक्षा घराशेजारी मांडव घालून दोडक्याचा, घोसाळ्याचा नाहीतर दुधी भोपळ्याचा वेल पश्चिमेच्या भिंतीवर आणि छपराच्या कडेला चढवा. भिंतीला सावली मिळते आणि आईला भाजी. वेल दर वर्षी लावावा लागतो, कडुलिंब मात्र एकदाच. पश्चिमेला कडुलिंबाचं झाड लावलंत तर तुमची मुलं त्याखाली खेळतील.

मातीच्या घराचं गुपित

आता आपलं पहिलं घर. आजी पंख्याशिवाय झोपली होती ते.

मातीची जाड भिंत उष्णता अडवते असं आपण म्हणतो, पण ती त्याहून हुशार आहे. ती उष्णतेला उशीर करते! दुपारी बाहेरून तापायला लागलेली भिंत आतून गरम व्हायला कित्येक तास जातात. तोवर संध्याकाळ होते. रात्री बाहेर हवा गार होते, भिंत आपली उष्णता सोडून देते आणि सकाळी पुन्हा गारेगार होऊन कामाला हजर राहते. जणू काही रात्रपाळीचा आणि दिवसपाळीचा गडी एकच!

पण या गड्याला आपली मदत लागते. दिवसा खिडक्या-दारं लावून घ्यायची आणि रात्री उघडायची. बरेच जण दुपारी ‘वारा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडतात आणि झळा आत घेतात. रात्री डासांच्या भीतीनं खिडक्या लावतात आणि घर तापलेलंच राहतं. उपाय स्वस्त आहे. खिडकीला डासांची जाळी. घर गार करणाऱ्या वस्तूंत जाळीचं नाव कुणी घेत नाही, पण रात्रीची खिडकी तिच्याचमुळे उघडी राहते.

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. दिसायला चकचकीत दिसतो, पण भिंतीतला ओलावा आत कोंडतो, मग फुगे येतात आणि गिलावा पोपडे धरून पडतो. मातीला माती किंवा चुनाच मानवतो.

आता एक गंभीर गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात चार वाजायच्या सुमारास भूकंप झाला आणि झोपेतच हजारो माणसं गेली. त्यांतली बहुतेक कशानं गेली? दगड-मातीच्या भिंती कोसळल्या आणि माळवदाची जड माती अंगावर आली. दर वर्षी गळती थांबवायला वर थोडी थोडी माती टाकत गेलं की छप्पर किती जड होतं याचा अंदाजच राहत नाही. एक घनमीटर माती म्हणजे साधारण दीड टन! दहा बाय दहा फुटांची खोली घ्या, तिच्यावर फूटभर माती असेल तर डोक्यावर चार टनांहून जास्त वजन झालं.

म्हणून जुनं घर गार करायच्या आधी ते उभं राहील ना, हे बघायचं. भिंतीला पोट आलंय का? कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत भेग आहे का? तुळईचं टोक किडलंय का? यातलं एकही ‘हो’ असेल तर आधी जाणकार गवंडी आणि इंजिनिअरला बोलवायचं. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधणारे आडवे दुवे घालणं, सगळ्या भिंतींना वरून एक पट्टा फिरवणं, माळवदावरची जादा माती उतरवणं, असे मजबुतीचे उपाय आहेत. माती कमी केल्यावर गारवा कमी होईल, तो वरच्या पांढऱ्या रंगानं आणि आतल्या तट्टीनं भरून काढता येतो. आणि भिंत खरोखरच खचलेली असेल, तर मात्र हट्ट करू नये. अशा वेळी घर उतरवणंच शहाणपणाचं. पण तेव्हाही चांगलं लाकूड आणि दगड नव्या बांधकामात वापरावेत. सिमेंट तयार करायला भट्टी सुमारे 1450 अंशांपर्यंत तापवावी लागते. जुना दगड पुन्हा वापरला की तेवढं इंधन आपण न जाळताच वाचवलं!

पाबळचा घुमट

किल्लारीच्या भूकंपानंतर पाबळचं एक वेगळंच घर चर्चेत आलं. विज्ञान आश्रमात गेलात तर तुम्हाला अर्धगोल घरं दिसतील. जमिनीवर उपडी ठेवलेली प्रचंड वाटी जणू! याला ‘पाबळ डोम’ म्हणतात. लोखंडी पट्ट्यांचे त्रिकोण जोडून सांगाडा करायचा, त्यावर जाळी बसवायची आणि सिमेंटचा पातळ थर द्यायचा. त्रिकोण हा दाबला तरी आकार न सोडणारा एकमेव हट्टी आकार आहे. त्यामुळे घर हलकं आणि मजबूत होतं. भूकंपग्रस्त भागातही असे डोम बांधले गेले. ही मूळ कल्पना जगभर पोहोचवली ती बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन संशोधकानं. पाबळच्या मुलांनी ती आपल्या वर्कशॉपमध्ये आणली.

यात गणितही आहे. 5 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि 4 मीटर उंच खोली घ्या. आत हवा मावते 100 घनमीटर. चार भिंती आणि छप्पर मिळून पृष्ठफळ होतं 105 चौरस मीटर. आता तेवढीच हवा मावेल असा अर्धगोल घ्या. त्याचं पृष्ठफळ भरतं सुमारे 83 चौरस मीटर! सामान कमी लागतं आणि ऊन झेलणारी कातडीही कमी. नववी-दहावीतल्या ताई-दादांनी सूत्र घालून हे पडताळून पाहा.

मग डोम गार असतो का? इथं प्रामाणिकपणे सांगायला हवं. सिमेंटचा थर पातळ, म्हणजे तो उष्णतेला उशीर करू शकत नाही. त्यामुळे डोमलाही टोपी लागतेच. बाहेरून पांढरा रंग आणि अगदी वर हवा जायला झरोका. कोणतंच घर सर्वगुणसंपन्न नसतं, मुलांनो. मातीचं घर गार पण जड, डोम मजबूत पण पातळ, पत्रा स्वस्त पण तापट. ज्याला जे कमी, ते त्याला द्यायचं. डागडुजी म्हणजे याहून वेगळं काय असतं?

परदेशातही हाच विचार चालतो, फक्त उलट्या बाजूनं. जर्मनीतल्या डार्मस्टाट गावी 1991 साली एक घर बांधून झालं. जाड आवरण, तीन काचांच्या खिडक्या, फट म्हणून नाही. कडाक्याच्या थंडीतही घर तापवायला अगदी थोडं इंधन लागतं. त्यांना ऊब आत ठेवायची असते, आपल्याला ऊन बाहेर ठेवायचं असतं. शत्रू वेगळा, युद्ध तेच!

चूल आणि बंब

ऊर्जा म्हटली की आपल्याला फक्त वीज आठवते. पण सरपण आणि गॅस हीसुद्धा ऊर्जाच. तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी भांड्याला मिळते जेमतेम दहावा हिस्सा किंवा थोडी जास्त. बाकीची जाते भिंतीला, हवेला आणि आजीच्या डोळ्यांना. धुरानं छातीही खराब होते. जुन्या घरात चूल ठेवायचीच असेल तर धुराडं असलेली सुधारित निर्धूर चूल बसवा. घरी गुरं असतील तर शेणापासून गोबरगॅस आणि उरलेली स्लरी शेताला. आणि ज्यांच्याकडे गॅस आहे त्यांनी डाळ भिजवून, झाकण ठेवून, कुकरमध्ये शिजवली तरी सिलेंडर काही दिवस जास्त पुरतो.

आता अंघोळ. एक बादली, म्हणजे 20 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला किती ऊर्जा लागते? 20 गुणिले 20, म्हणजे 400 किलोकॅलरी. एक युनिट वीज म्हणजे साधारण 860 किलोकॅलरी. म्हणजे एका बादलीला जवळपास अर्धं युनिट! घरात चार माणसं असतील तर रोज दोन युनिटं, महिन्याला जवळजवळ साठ. आणि हे पाणी फुकट तापवून द्यायला सूर्य वर्षातले बहुतेक दिवस हजर असतो. सौर बंब परवडत नसेल तर काळ्या रंगाचं पिंप उन्हात ठेवून पाहा. दुपारी भांडी घासायला आणि संध्याकाळी हातपाय धुवायला तरी कोमट पाणी नक्की मिळेल.

मीटर वाचायला शिका

आता विजेच्या मीटरकडे चला. लांबूनच बघायचं, हात लावायचा नाही. त्यावर एक लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी ‘3200’ किंवा असाच काही आकडा लिहिलेला असतो. म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट संपलं. युनिट म्हणजे 1000 वॅटचं यंत्र एक तास चालवणं.

घरातली सगळी बटणं बंद करा आणि पुन्हा बघा. दिवा अजूनही लुकलुकतोय? मग कुठंतरी काहीतरी वीज खातंय. फ्रीज चालू असेल, नाहीतर टीव्हीचा डबा रिमोटनं बंद केलेला पण आत जागाच असेल. काहीच सापडलं नाही तर वायरमनला बोलवा, जुन्या वायरिंगमधून वीज गळत असेल. ही गळती बिलापुरती नसते, ती जिवावरही बेतू शकते.

पुढचं गणित पाहा. जुना 60 वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिटं लागतात. तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी लावला तर 1.35 युनिटं. बल्ब तारेला तापवून उजेड काढतो, त्यामुळे त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. म्हणजे उन्हाळ्यात खोलीत एक छोटी शेगडी पेटवून ठेवल्यासारखंच! एलईडीमधून पांढरा उजेड मिळावा यासाठी लागणारा निळा एलईडी शोधणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे 2015 पासून सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून एलईडी घरोघरी पोहोचले. पाबळच्या विज्ञान आश्रमात 2002 साली एमआयटी या अमेरिकन संस्थेच्या सहकार्यानं ‘फॅब लॅब’ सुरू झाली. एमआयटीबाहेर जगात निघालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ही एक, आणि तिथं खेड्यातली मुलं स्वतः सर्किट तयार करतात.

पंख्याचंही तसंच. जुना पंखा साधारण 75 वॅट घेतो. रोज बारा तास चालला तर महिन्याला 27 युनिटं. नवा बीएलडीसी पंखा 30 वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे 11 युनिटंसुद्धा नाहीत. आणि भिंतीवरचा तो जुना जड डब्यासारखा रेग्युलेटर आठवतो? पंखा हळू केला तरी तो स्वतः तापून वीज खातो. हात जवळ नेऊन पाहा, कोमट लागेल. विजेचा दर टप्प्याटप्प्यानं वाढतो, पहिली 100 युनिटं स्वस्त आणि पुढची महाग. म्हणून वाचवलेली युनिटं ही बहुतेक वेळा महागाचीच युनिटं असतात, हे बाबांना जरूर सांगा.

छपरावर सूर्य, पण शेवटी

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची ‘सूर्यघर’ योजना आली. घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवायला तिच्यात अनुदान ठेवलं आहे. ‘मग एवढी सगळी डागडुजी करायचीच कशाला? सरळ पॅनेल लावू!’ वर्गात हा प्रश्न हमखास येतो.

उत्तर विहिरीवर मिळेल. पोहऱ्याला भोकं असतील तर तुम्ही आधी काय करता? भोकं बुजवता, की आणखी एक माणूस रहाटावर लावता? आधी गळती थांबवा, मग किती पॅनेल लागतील ते मोजा. कमी पॅनेलमध्ये काम भागेल आणि खर्चही कमी होईल. शिवाय जुन्या छपराला पॅनेलचं आणि वाऱ्याचं ओझं पेलेल का, हे आधी तपासून घ्यावं लागेल ते वेगळंच.

करून पाहा

येत्या रविवारी वहीचं एक पान घ्या.

1. घराचा नकाशा काढा. पूर्व-पश्चिम दाखवा. दुपारी कोणत्या भिंतीवर ऊन येतं ते लाल पेन्सिलनं रंगवा.

2. आठ दिवस रोज एकाच वेळी मीटरचा आकडा लिहा. आजचा वजा कालचा, हा तुमचा रोजचा खर्च.

3. दोन सारखे जुने डबे घ्या. एकाला काळा आणि एकाला पांढरा रंग द्या. दोन्हींत सारखं पाणी भरून झाकण लावा आणि दुपारभर उन्हात ठेवा. दोन्हींत थर्मामीटर बुडवून बघा. (तापाचा नको, शाळेच्या प्रयोगशाळेतला. तापाचा तडकेल!)

4. फ्रीजच्या दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला तर दाराचं रबर सैल झालंय, गारवा तिथूनच पळतोय.

5. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, पंखा नव्हता तेव्हा उन्हाळ्यात घर गार कसं ठेवायचे? उत्तर शब्दशः लिहून ठेवा.

पत्र्यावर मात्र मुलांनी चढायचं नाही. चुना कालवायला आणि वायरिंगला मोठी माणसंच हवीत. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते.

पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. मुलांनी हे पान भरून आणलं की ते नुसतं कौतुकानं बघून ठेवून देऊ नका. शेजारी बसा आणि एकच काम निवडा. या वर्षी छपराला पांढरा रंग, नाहीतर खिडकीला जाळी, नाहीतर एक पंखा बदलायचा. पुढच्या महिन्याचं बिल आलं की मुलांकडूनच वजाबाकी करून घ्या. ज्या मुलानं आपल्या घराचं बिल कमी करून दाखवलं, त्याला वहन-अभिसरण-प्रारण पुन्हा कधी पाठ करावं लागत नाही.

आणि मुलांनो, पाचव्या प्रश्नाची उत्तरं आम्हाला जरूर लिहून पाठवा. आजीनं सांगितलेली युक्ती, गावाचं नाव आणि तुमच्या इयत्तेसह. तुमच्या घराच्या मीटरनं काय सांगितलं तेही कळवायला विसरू नका!